जुनी जावा घेताना : अस्सलतेची पारख

म्हैसूरच्या यादवगिरी भागातील आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली मोटारसायकलींचे उत्पादन सुरू झाले आणि १९९६ साली हा कारखाना बंद पडला. पस्तीस वर्षांच्या या वाटचालीत तेथून बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी आजही दक्षिणेत आणि महाराष्ट्रात घराघरांत जपलेल्या दिसतात. एके काळी दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या सोबतीला असलेले हे वाहन आता हौशी संग्राहकांच्या पसंतीचे झाले आहे. मागणी वाढली की किंमत वाढते आणि किंमत वाढली की नकलेचा मोहही वाढतो. यासाठीच हा लेखप्रपंच.

मुदत ठेव मोडून किंवा निवृत्तीच्या रकमेतून 'जुनी जावा घेऊन ती पूर्ववत करावी' असा विचार घेऊन येणारे ग्राहक आम्हांला शाखेत भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा दुरुस्तीला किती खर्च येईल, हा असतो. वास्तविक तो दुसरा प्रश्न आहे. समोर उभे असलेले वाहन ज्या नावाने आणि ज्या सालाचे म्हणून विकले जात आहे, तेच ते आहे काय, हा पहिला प्रश्न होय. दुरुस्तीने गंज जातो, रंग परत येतो. पण मुळात जे नव्हते ते दुरुस्तीने निर्माण होत नाही.

एका घराण्यातील अनेक यंत्रे

चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने रुस्तम आणि फारुख इराणी यांनी हा कारखाना उभा केला. सुरुवातीला येथे जावा २५० तयार होई. एका सिलिंडरला दोन बाजूंनी दोन सायलेन्सर, दोन फटक्यांचे इंजिन आणि गिअरचाच दांडा फिरवून त्याची किक करण्याची सोय, ही तिची ओळख. पुढे सत्तरच्या दशकात टाकीवरचे 'जावा' हे नाव जाऊन 'येझदी' आले. हे नाव इराणमधील यज्द या शहरावरून घेतलेले आहे. १९७८ साली रोडकिंग आली आणि ऐंशीच्या दशकात दोन सिलिंडरची येझदी ३५०ही निघाली. २०१८ पासून दुसऱ्या कंपनीने बाजारात आणलेल्या नव्या जावा चार फटक्यांच्या आहेत; त्यांचा येथे विचार नाही.

जुनी जावा आणि येझदी यांची २५० सीसीची इंजिने मुळात एकाच घराण्यातील असल्याने त्यांची अदलाबदल सहज होते. येझदीच्या टाकीवर जावाचे चिन्ह बसवणे तर त्याहूनही सोपे. जावाला अधिक भाव मिळतो म्हणून असे केले जाते. त्यात यंत्र बिघडत नाही. मात्र ग्राहकाने ज्या गोष्टीचे पैसे मोजले, ती त्याच्या हाती येत नाही.

'मूळ' आणि 'अस्सल'

येथे दोन शब्दांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. कारखान्यातून आलेले सुटे भाग जसेच्या तसे असणे म्हणजे वाहन 'मूळ' असणे. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या वाहनात असे क्वचितच घडते. पिस्टन, टायर, वायर, रबर हे बदलावेच लागतात. वाहनाची ओळख प्रारंभापासून आजपर्यंत अखंड सांगता येणे म्हणजे ते 'अस्सल' असणे.

इंग्लंडमध्ये १९९० साली गाजलेल्या एका खटल्यात याच फरकाचा निवाडा झाला. १९२९ आणि १९३० साली फ्रान्समधील ल माँ येथील शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली मोटार एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला होता. तिचे बहुतेक भाग बदललेले असल्याने ही ती मोटारच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने करार नाकारला. न्यायालयाने निर्णय दिला की, ही मोटार 'मूळ' म्हणता येणार नाही. परंतु तिचा इतिहास कोठेही खंडित झालेला नसल्याने तीच खरी 'ओल्ड नंबर वन' आहे. थोडक्यात, भाग बदलले तरी ओळख टिकू शकते. मात्र ती टिकल्याचा पुरावा हवा. आपल्या जावालाही हेच लागू पडते.

यंत्राची साक्ष

तपासणीची सुरुवात क्रमांकांपासून करावी. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे दोन्ही स्वतः वाचून कागदावर उतरून घ्यावेत. विक्रेत्याने सांगितलेल्यावर विसंबू नये. क्रमांकाभोवतीचा पत्रा घासलेला, खोलगट झालेला किंवा जाड रंगाने माखलेला आहे काय, अक्षरे एका उंचीची आणि एका खोलीची आहेत काय, हे भिंगातून पाहावे. क्रमांकाची पट्टी असल्यास तिचे रिव्हेट जुने आहेत की नुकतेच ठोकलेले, हेही कळते. हँडलच्या मानेपाशी वेल्डिंगच्या खुणा असल्यास एका सांगाड्याचा तुकडा दुसऱ्यावर जोडलेला असण्याची शंका घ्यावी.

त्यानंतर रंगाकडे वळावे. चकचकीत नवा रंग हा गुण नसून पडदा असू शकतो. टाकीची खालची बाजू, मडगार्डची आतली बाजू, हत्यारांच्या पेटीचा तळ अशा ठिकाणी कोणी पुन्हा रंग देण्याचे कष्ट घेत नाही. तेथे मूळ रंगाचा अंश सापडतो. कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक टाकीवरून फिरवावे. जेथे ते नीट धरत नाही, तेथे पत्र्यावर पुटीचा जाड थर आहे असे समजावे. हल्ली टाकी, सायलेन्सर, चिन्हे असे अनेक भाग नव्याने बनवलेले मिळतात. मूळ भागाशेजारी ठेवल्यास पत्र्याची जाडी, ओतकामातील खुणा आणि वजन यांवरून फरक लक्षात येतो. म्हणून शक्य झाल्यास ज्याच्या घरी एकाच मालकाची जुनी जावा आहे अशा परिचिताची गाडी आधी नीट पाहून घ्यावी आणि जाणत्या मिस्त्रीला सोबत न्यावे. मिस्त्री विक्रेत्याने सुचवलेला नसावा, हे सांगणे न लगे.

कागदांची साक्ष

यंत्र जे सांगते, तेच कागदांनी सांगितले पाहिजे. नोंदणी पुस्तकावर समाधान न मानता प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंदवहीचा उतारा मागवावा. कर्नाटकात तो 'बी एक्स्ट्रॅक्ट' या नावाने ओळखला जातो. त्यातील चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, उत्पादनाचे साल, इंधन आणि मालकांची नावे आपण उतरून आणलेल्या तपशिलाशी ताडून पाहावीत. 'केए ०९' यांसारखे क्रमांक १९८९ साली आलेल्या पद्धतीतील आहेत; त्यापूर्वीच्या नोंदणीचे क्रमांक जुन्या धाटणीचे असतात. क्रमांक आणि पहिल्या नोंदणीचे साल यांचा मेळ बसत नसेल तर कारण विचारावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून वाहन चोरीच्या नोंदीत आहे काय, हेही पाहून घ्यावे.

बँकेच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन बाबी येथे विशेषत्वाने सांगावयाच्या आहेत. पहिली बाब म्हणजे जुना बोजा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कर्जाने घेतलेल्या वाहनाचे हप्ते केव्हाच फिटलेले असतात. पण हायपोथिकेशनची नोंद पुस्तकावर तशीच राहते. ती काढल्याशिवाय मालकी हस्तांतरित होत नाही. त्यातच ज्या बँकेचे नाव नोंदलेले आहे, ती बँक आज त्या नावाने अस्तित्वात नसण्याचा संभव असतो. स्टेट बँक ऑफ म्हैसूर १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत, विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. अशा वेळी विलीनीकरणानंतरच्या बँकेकडून ना हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्यावा लागतो. हे काम सौद्यापूर्वी विक्रेत्याकडून करून घ्यावे.

दुसरी बाब म्हणजे विकण्याचा अधिकार. वाहन आजोबांच्या नावावर आणि विक्रेता नातू, असे चित्र नेहमी दिसते. मूळ मालक हयात नसल्यास नमुना ३१ अन्वये वाहन आधी वारसाच्या नावावर व्हावयास हवे. एकाहून अधिक वारस असल्यास सर्वांची संमती हवी. त्यानंतरच नमुना २९ आणि ३० भरून विक्रीचे हस्तांतरण होते. म्हैसूरची गाडी कोल्हापूर किंवा पुण्याला नेऊन तेथे वापरावयाची असल्यास नमुना २८ अन्वये ना हरकत दाखला, नवी नोंदणी आणि तेथील कर यांचाही हिशेब आधीच मांडावा.

२०२१चे नियम

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते. आधी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी नाही.

याचा अर्थ असा की, साठच्या दशकातील जावा आज या वर्गास पात्र ठरू शकते. १९७८ साली नोंदलेल्या पहिल्या रोडकिंगला मात्र २०२८ उजाडावे लागेल. आणि कापून जोडलेला सांगाडा कितीही सुंदर रंगवला तरी या दारातून आत जाणार नाही. अस्सलता ही केवळ हौसेची बाब न राहता कायद्याची अटही झाली आहे.

मोटारींनाही तोच न्याय

जुनी मोटार घेणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी. अँबॅसॅडर १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती आणि तिचे बाह्यरूप फारसे बदलले नाही. त्यामुळे पुढची जाळी बदलून अलीकडची गाडी जुन्या 'मार्क'ची म्हणून दाखवता येते. इंधन स्वस्त पडावे म्हणून अनेक पेट्रोल गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. नोंदणीत पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर बदलाला परिवहन कार्यालयाची मान्यता होती काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

व्यवहार कसा करावा?

बदललेले इंजिन किंवा नव्याने बनवलेली टाकी असलेले वाहन घेऊच नये, असे मुळीच नाही. रविवारी फेरफटका मारण्याची हौस त्यानेही भागते. मात्र त्याची किंमत त्याच्या स्थितीनुसार ठरावी आणि बदलांची नोंद विक्रीपत्रात स्पष्ट असावी. हाती असलेल्या रकमेतून दुरुस्तीचा भाग आधीच वेगळा काढावा. कागद पूर्ण होण्यापूर्वी इसारापेक्षा अधिक रक्कम देऊ नये आणि पैसे धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात द्यावेत, म्हणजे व्यवहाराचा पुरावा राहतो.

एक सूचना दुरुस्तीविषयी. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे, काढलेला मूळ भाग फेकून न देता जपून ठेवावा आणि प्रत्येक पावती एका फायलीत लावावी. आज आपण जो पुरावा शोधत आहोत, तोच उद्याच्या मालकासाठी आपण तयार करीत असतो.

कर्ज देताना बँक तारणाचा चकचकीतपणा पाहत नाही. त्याचा हक्क, त्याची ओळख आणि त्याचा इतिहास पाहते. जुने वाहन घेताना आपणही तसेच करावे. यंत्र, कागद आणि मालक या तिघांची साक्ष जुळली, तर गंजलेली जावाही घेण्यास योग्य. ती जुळली नाही, तर नवा रंग दिलेलीही महाग.