खाडीचा उसना रंग

कोलशेतच्या खाडीवर सूर्यास्ताचे फोटो काढायला गेलात, तर सूर्य पाठीमागे राहतो. तो येऊरच्या डोंगराआड उतरतो आणि खाडी असते समोर, काल्हेरच्या बाजूला. मला तर हेच कोलशेतचे वैभव वाटते. सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात पूर्वेच्या क्षितिजावरून करडा-निळा पट्टा वर सरकू लागतो. ती हवेवर पडलेली पृथ्वीची सावली! तिच्यावर गुलाबी पट्टा. मावळतीच्या प्रकाशातला निळा भाग हवेचा लांब पल्ला कापताना वाटेतच विखुरतो. उरलेला तांबूस प्रकाश पूर्वेच्या हवेवर पडून आपल्याकडे परततो. खाडी तोच रंग अंगावर घेते.

मग खाडीचा स्वतःचा रंग कोणता? दिवसाउजेडी लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून सावकाश फिरवा. एका जागी पाण्यावरची चकाकी पुसली जाते आणि उल्हास नदीने आणलेल्या गाळाचे तपकिरी पाणी दिसू लागते. मोबाइलपुढे पोलराइज्ड गॉगलची काच धरून फिरवली तरी फरक कळतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेत कंप पावतो, फिल्टर नेमका तोच अडवतो. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन साधला, तर चकाकी जवळजवळ संपूर्ण जाते. पाण्यालगत उभ्या माणसाला हा कोन जेमतेम दोन मीटरवर मिळतो. म्हणूनच एकाच फोटोत जवळचे पाणी तपकिरी आणि दूरचे आकाशाच्या रंगाचे येते.

हीच युक्ती १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी समुद्रावर वापरली. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले मानत. ‘नारकुंडा’ बोटीने भारतात परतताना रामन यांनी निकोल लोलकातून ती चकाकी वगळून समुद्र पाहिला. निळा रंग फिका व्हायच्या ऐवजी आणखी गडद झाला! ‘नेचर’साठी लिहिलेल्या त्यांच्या टिपणावर स्थळ आहे मुंबई बंदर आणि तारीख २६ सप्टेंबर. पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि १९२८ मध्ये रामन परिणाम हाती आला.

पावसाळी धबधब्यापाशीही हाच फिल्टर कामाला येतो. ओल्या कातळाची चमक गेली की बेसॉल्टचा काळा आणि शेवाळाचा हिरवा उठून दिसतो. शिवाय तो निम्म्याहून अधिक प्रकाश अडवत असल्याने शटर संथ ठेवता येते. अर्ध्या सेकंदात धारांचे रेशीम होते. फेस मात्र करडा येतो, कारण कॅमेरा पांढऱ्यालाही मध्यम करड्यावर आणू पाहतो. एक्स्पोजर थोडे वाढवावे.

संध्याकाळी कोलशेतला फिल्टर काढून ठेवा. जवळच्या पाण्यावरचा गुलाबी रंगच तो पुसतो. आणि सूर्य येऊरआड गेला म्हणून लगेच ट्रायपॉड गुंडाळू नका. डोंगरामुळे तो लवकर दिसेनासा होतो. खरा सूर्यास्त त्यानंतरचा, आणि काल्हेरवरचा गुलाबी पट्टा त्याच्याही नंतरचा.