लाल दिवा दिसणं आणि कळणं

रंगांधळ्या मुलाला एअरलाइनचा वैमानिक होता येईल का, हा प्रश्न वरवर डॉक्टरांचा वाटतो. आपण तो आज थोडा वेगळ्या बाजूने घेऊ.

‘रंगांधळा’ हा शब्दच मुळात फसवा. अशा बहुतेकांना रंग दिसतात. लाल-हिरव्यातला फरक तेवढा पुसट होतो. दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि इशिहाराच्या ठिपक्यांमधला आकडा वाचता येईना की मग घरात कळतं.

आता कॉकपिटमध्ये जाऊ. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते, तिचं नाव ‘पापी’. काय करणार, इंग्रजी आद्याक्षरं तशी जुळली! दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान योग्य कोनात उतरतंय. चारही लाल, तर फार खाली आलंय. दिवे सारखे, ओळ एकच. रंग काढून घेतला तर ती ओळ काहीच सांगत नाही.

जुलै 2002 मध्ये अमेरिकेत टॅलाहासीला फेडेक्सचं मालवाहू बोइंग 727 पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आदळलं. आतले तिघेही वाचले. चौकशीत थकवा निघाला, कार्यपद्धती न पाळणं निघालं, आणि सहवैमानिकाची सदोष रंगदृष्टीही निघाली. सगळं खापर रंगावर फोडलं नाही, पण रंगाला सोडलंही नाही.

त्याआधी, 1989 मध्ये, ऑस्ट्रेलियात डेनिसन नावाच्या रंगांधळ्या वैमानिकाचं प्रकरण न्यायाधिकरणापुढे आलं होतं. तिथे खरा प्रश्न विचारला गेला. रंगाचं नाव सांगता येतं का, हे बाजूला ठेवा. रंगातून मिळणारी माहिती उपकरणांवरून, रेडिओवरून, दिव्याच्या जागेवरून मिळते का? निकाल डेनिसनच्या बाजूने लागला, रात्रीच्या उड्डाणाची वाट मोकळी झाली.

तुमचा लाल आणि माझा लाल एकच का, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी वर्गात तासन्‌तास घालवलेत. वैमानिकाला तो वाद सुटायची गरज नाही. त्याला फरक कळला की पुरे. मात्र ‘पापी’पाशी दुसरी वाट फार अरुंद आहे, हे डेनिसनच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मान्य करायला हवं. म्हणून सरसकट बंदी आम्हाला पटत नाही, आणि सरसकट मोकळीकही नाही. लंडनच्या सिटी विद्यापीठात घडलेली ‘कॅड’ ही संगणकावरची चाचणी आम्हाला जास्त शहाणी वाटते. दोष आहे की नाही एवढ्यावर ती थांबत नाही, तो किती आहे ते मोजते. आणि मर्यादा ठरवताना ‘पापी’चे दिवे ओळखता येणं हाच आधार धरला गेला. त्यामुळे इशिहारात अडकलेले, सौम्य दोषाचे काही जण सुरक्षित ठरतात.

आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला डीजीसीएची वर्ग 1 वैद्यकीय तपासणी लागते, तीत रंगदृष्टीही पाहतात. प्रशिक्षणाचे लाखो रुपये भरण्याआधी ती करून घ्या, नंतर नको. परदेशात पास झालात म्हणून इथे चालेलच असंही नाही. परवाना ज्या देशाचा, नियम त्या देशाचा. आणि ते रंगीत चष्मे विकतात ना, ते लावून ही चाचणी देता येत नाही.