उत्तरेची खिडकी

जागा दाखवताना घरमालक चौरस फूट सांगतो. चित्रकार आधी पाहतो ती खिडकीची दिशा. शिल्पकाराला जमिनीला किती वजन पेलेल याची काळजी, तर मुद्राचित्रे करणारा मोरी कुठे आहे ते विचारतो.

खिडकीचा हट्ट तैलरंगातून आला. एकेका चित्रावर आठवडेच्या आठवडे काम चालते. सकाळच्या पिवळट उन्हात जुळवलेला रंग दुपारी भलताच दिसतो. म्हणून थेट ऊन न येणारा उत्तरेचा उजेड हवा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या १८७८ सालच्या इमारतीत उंच छत आणि उत्तरेच्या मोठ्या खिडक्या आहेत त्या याचसाठी. पण हा नियम युरोपातला, आणि मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथे भर दुपारी सूर्यच उत्तरेला असतो! त्यातला बराचसा काळ ढगांचा, म्हणून निभावते.

तैलरंग वाळतो तोही पाणी उडून नव्हे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते. तोवर ओली चित्रे टेकवायला भिंती हव्यात, टर्पेंटाइनच्या वाफेला बाहेर जायला वाट हवी आणि तेलाच्या चिंध्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. बोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. भाडेकरारात हे कलम मला तरी कुठे दिसलेले नाही.

माध्यम जागेचे गणित कसे बदलते हे पाहायचे तर पेणच्या गणपती कारखान्यांत जावे. शाडूची मूर्ती सावलीत, सावकाश वाळावी लागते. घाई केली की तडा जातो. एका मूर्तीवर दुसरी रचता येत नाही, त्यामुळे मूर्ती घडवायला लागते त्याहून किती तरी जास्त जागा नुसती वाळवणाला जाते. पावसाळ्याच्या दमट हवेत ती अडकून राहते ती वेगळीच. प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते. मूर्ती लगेच बाहेर, साचा पुन्हा मोकळा. प्लास्टर फोफावले ते स्वस्ताईमुळे, असे आपण म्हणतो. जागेची ही बचतही त्या स्वस्ताईतच मोजायला हवी. शाडूकडे परत वळा असे कारागिराला सांगणे म्हणजे त्याच्याकडे आणखी एक शेड मागणे आहे, हे आपण सोयीस्कर विसरतो.

काही कामे स्टुडिओत मावतच नाहीत. वि. पां. करमरकरांनी घडवलेला पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा (१९२८) ब्राँझमध्ये ओतला गेला तो माझगाव डॉकमध्ये. एवढा धातू वितळवणारी भट्टी जहाजबांधणीच्या ठिकाणीच मिळणार. सासवण्याच्या घरी त्यांनी पुष्कळ काम सिमेंटमध्ये केले. सिमेंटला भट्टी लागत नाही, अंगण पुरते.

शहरी फ्लॅटमध्ये ॲक्रिलिक रुळले त्यामागेही आवडीइतकीच अडचण आहे. ते पाण्यात मिसळते, टर्पेंटाइनचा वास नाही, काही मिनिटांत वाळते. पंखा मात्र बंद ठेवावा लागतो, नाहीतर रंग पॅलेटवरच सुकतो. कॅनव्हासची उंची बऱ्याचदा लिफ्टच्या दारावर ठरते. प्रदर्शनात एखादे मोठे चित्र तीन फळ्यांत विभागलेले दिसले, तर समीक्षकाने अर्थ लावण्याआधी चित्रकार कितव्या मजल्यावर राहतो ते विचारून घ्यावे.