हिमयुगातील वॉरन नदी आणि आजची शेतजमीन

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात त्याच नावाची एक नदी वाहते. नदीचे पात्र बेताचे आहे. परंतु तिचे खोरे काही ठिकाणी सुमारे ८ किलोमीटर रुंद आहे. एवढे मोठे खोरे आजच्या प्रवाहाने कोरले असणे शक्य नाही. हे काम हिमयुगाच्या अखेरीस वाहणाऱ्या एका प्रचंड नदीचे होय. जी. के. वॉरन या लष्करी अभियंत्याने १८६८ मध्ये या खोऱ्याच्या उत्पत्तीचा उलगडा केला, म्हणून त्या लुप्त नदीस 'वॉरन नदी' असे नाव मिळाले.

उत्तर अमेरिकेवरील बर्फाचा अफाट थर वितळू लागला, तेव्हा पाण्याची उत्तरेकडील वाट बर्फानेच अडविली होती. त्यामुळे पाणी तुंबून अगासिझ नावाचे विस्तीर्ण सरोवर बनले. सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी ते दक्षिणेच्या काठावरून वाहू लागले. तीच वॉरन नदी. पुढे बर्फ मागे हटला, पाण्याला सखल वाटा मिळाल्या आणि ही नदी आटली.

या एकाच पाण्याने दोन प्रकारची भूमी निर्माण केली. जेथे ते वेगाने धावले, तेथील माती वाहून गेली. ऑर्टनव्हिल व मॉर्टन या गावांजवळ खोऱ्यात उघडे पडलेले कठीण खडक आजही दिसतात व तेथे दगडाच्या खाणी चालल्या आहेत. जेथे ते संथ राहिले, तेथे बारीक गाळ तळाशी बसला. सरोवराचा हा तळ म्हणजेच रेड नदीचे सपाट व सुपीक खोरे होय. तेथे गहू, सोयाबीन व साखरेचे बीट पिकते.

मात्र या सपाटीचा दोषही आहे. चिकण जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, म्हणून तेथील शेतकऱ्यांना चर खणावे लागतात. रेड नदी उत्तरवाहिनी असल्याने दक्षिणेचे बर्फ आधी वितळते, पुढील पात्र मात्र गोठलेले असते. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स शहर अशाच महापुरात बुडाले व हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली.

आपल्या दख्खनच्या पठारावर असा हिमस्तर नव्हता. येथील काळी जमीन मुख्यतः बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली आहे. तथापि पाण्याचा नियम सर्वत्र एकच आहे. धावते पाणी माती नेते, थांबलेले पाणी माती ठेवते. याकरिता शेताचा उतार पाहून पाण्याचा वेग बांधाने कमी करावा, आणि सखल भागात पाणी तुंबू नये म्हणून निचऱ्याची सोय करावी. वाहून गेलेली माती पुन्हा तयार होण्यास कित्येक पिढ्या लागतात, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये.