गाडी न्यूट्रल का होत नाही?

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवरच्या एखाद्या सिग्नलला पाच मिनिटे उभे राहावे आणि दुचाकीस्वारांच्या डाव्या पायाकडे पाहावे. जुन्या, मळलेल्या गाडीवरचा कामगार सहज पाय हलवतो, क्लच सोडतो आणि रुमालाने घाम पुसत उभा राहतो. शेजारीच नव्याकोऱ्या स्पोर्ट्‌स मोटारसायकलवरचा तरुण मात्र पाय खाली-वर, खाली-वर करीत असतो. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. शेवटी हिरवा दिवा लागतो तो सिग्नलचा, न्यूट्रलचा नव्हे.

आमच्या एका शिक्षक मित्राच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट गमतीवर राहिली नाही. गाडी जेमतेम ४०० किलोमीटर चाललेली. सिग्नलला बराच वेळ पायाशी झगडून झाल्यावर गाडी न्यूट्रल झाली असे समजून त्याने क्लच सोडला. गाडीने उडी घेतली आणि पुढच्या रिक्षाच्या पाठीला धडकली. पत्र्याला पोचा आला, माणसे बचावली. नंतर एका मिस्त्रीने क्लचप्लेटा गेल्याचे सांगितले, दुसऱ्याने गिअरबॉक्स उघडायला सुचवले, आणि मित्राने गाडी विकूनच टाकायचे ठरवले. त्याआधी आम्ही त्याला एवढेच म्हटले, की यंत्र समजून घेऊ, मग खर्चाचे पाहू.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये दोन समांतर दंड असतात. एकाला क्लचमार्फत इंजिनकडून गती मिळते, दुसऱ्यावरून चेनमार्फत मागच्या चाकाला. दोन्ही दंडांवरची दंतचक्रे जोडीजोडीने कायमच एकमेकांत गुंतलेली असतात. गिअर बदलताना चक्रे एकमेकांत घुसतात हा समज सार्वत्रिक आहे, पण तो चुकीचा आहे. प्रत्येक जोडीतले एक चक्र आपल्या दंडावर मोकळे फिरत असते. त्याच्या शेजारचे, दंडाबरोबरच फिरणारे चक्र बाजूला सरकते आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट मोकळ्या चक्राच्या खाचांत शिरतात. मग ते मोकळे चक्र दंडाशी बांधले जाते. हाच 'गिअर पडणे'. कोणतेच खुंट कोणत्याच खाचेत नसले, की चक्रे फिरत राहतात पण गती चाकाकडे जात नाही. हेच न्यूट्रल.

चक्रे सरकवण्याचे काम दुबेळक्याच्या आकाराचे काटे करतात आणि काट्यांना सरकवतो खोबणी कोरलेला एक ड्रम. आपण पायाने हा ड्रम थोडा थोडा फिरवतो. ड्रमच्या टोकाला चांदणीसारखी चकती असते. तिच्या खाचांत स्प्रिंगने दाबलेली एक चाकी बसते, म्हणून ड्रम नेमक्या जागी थांबतो. सहा गिअरच्या गाडीत या खाचा सामान्यतः ६० अंशांवर असतात. पहिल्या व दुसऱ्या गिअरच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३० अंशांवर, न्यूट्रलची खाच असते. आणि ती मुद्दाम उथळ ठेवलेली असते. ती खोल असती तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी दर वेळी न्यूट्रलमध्येच अडकली असती.

इथे आपल्या जुन्या गाड्यांची आठवण व्हावी. बजाजच्या चेतक स्कूटरलाही न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्येच होता, पण गिअर हाताच्या मुठीत होते आणि मुठीवर आकडे होते; डोळ्यांनी पाहून थांबता येई. हिरो होंडा सीडी १०० किंवा बजाज सीटी १०० अशा चार गिअरच्या गाड्यांत न्यूट्रल एका टोकाला असे. पुढे दाबत गेले की एक, दोन, तीन, चार. उलट दाबत आले की शेवटी न्यूट्रल. टोकाशी थांबायला कौशल्य लागत नाही, भिंत आली की थांबायचे. बुलेटच्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांना तर न्यूट्रलसाठी टाचेने दाबायची वेगळी कळच असे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. तिथे कामाला जाणाऱ्या एका पिढीचा पाय असल्या गाड्यांवर तयार झाला; मुलाच्या हाती मात्र 'एक खाली, पाच वर' अशी गाडी आली. वडिलांचा सल्ला मुलाच्या कामी न येण्याचे हे एक साधे यांत्रिक कारण.

मग स्पोर्ट्‌स गाडीत न्यूट्रल सोयीच्या टोकाला का ठेवत नाहीत? वळणाआधी वेग झपाट्याने कमी करताना चालक एकेक गिअर उतरवत येतो. त्या घाईत एक दाब जास्त पडला आणि गाडी न्यूट्रल झाली, तर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन गाडी मोकळी धावेल. खालच्या टोकाला पहिला गिअर असणेच तिथे सुरक्षित.

आता मुख्य प्रश्न. खाच उथळ आहे हे मान्य, पण नव्या गाडीतच ती इतकी का चुकते? याचे उत्तर घर्षणात आहे.

क्लच दाबला की इंजिन पूर्ण सुटते असे आपण धरून चालतो. मोटारसायकलचा क्लच बहुधा तेलात बुडालेला, अनेक चकत्यांचा असतो. लिव्हर पूर्ण दाबल्यावर चकत्यांच्या थप्पीला मिळणारी मोकळीक असते एक ते दीड मिलीमीटरच्या आसपास. ती दहा-बारा फटींत वाटली, की दर फटीला जेमतेम ०.१ मिलीमीटर येते, आणि त्या फटीत तेल असते. तेलाच्या श्यानतेमुळे, म्हणजे दाटपणामुळे, फिरणारी चकती शेजारच्या चकतीला थोडे ओढत राहते. तेल थंड असेल, इंजिनाचे मंद फिरणे जास्त ठेवलेले असेल किंवा केबल ढिली असेल, तर ही ओढ वाढते. केबलचा हिशेब पाहा. समजा लिव्हरचे टोक ६० मिलीमीटर हलते तेव्हा चकत्या दीड मिलीमीटर सुटतात. यांपैकी २० मिलीमीटर केबलच्या ढिलाईतच गेले, तर चकत्यांना एकच मिलीमीटर मिळतो. हाताला क्लच पूर्ण दाबल्यासारखाच वाटतो.

ही ओढ किरकोळ वाटेल. तिचे आघूर्ण क्लचपाशी १ न्यूटन-मीटर आहे असे समजू. पहिल्या गिअरमध्ये ते दुसऱ्या दंडावर तिप्पट, म्हणजे ३ न्यूटन-मीटर होईल. खुंट दंडाच्या मध्यापासून अडीच सेंटीमीटरवर असतील तर ते खाचेच्या भिंतीवर ३ ÷ ०.०२५ = १२० न्यूटन बलाने दाबले जातील. तेलकट पोलादाचा घर्षणांक ०.१ धरला, तर खुंट बाहेर सरकवायला सुमारे १२ न्यूटन बल लागेल. क्लच न दाबता, इंजिन १२ न्यूटन-मीटर आघूर्ण देत असताना प्रयत्न केला तर? क्लचच्या आधी तिप्पट आणि पहिल्या गिअरची तिप्पट धरून हाच हिशेब ४३२ न्यूटनवर जातो. आकडे नमुन्याचे आहेत, पण क्लच का दाबायचा हे विद्यार्थ्यांना त्यांतून दिसते.

आता स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असते हा शाळेतला नियम आठवा. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण ओढताना आपण जोर वाढवत नेतो, आणि खण एकदम सुटून अंगावर येतो. सिग्नलवर नेमके हेच घडते. खुंट खाचेला चिकटून बसलेले असतात, पाय जोर वाढवतो, खुंट अचानक सुटतात. आणि पाय आवरेपर्यंत ड्रम उथळ खाच ओलांडून दुसऱ्यात गेलेला असतो. परत येताना तीच कथा. गाडी न्यूट्रल 'होत नाही' असे नसून ती न्यूट्रलमधून निसटून जाते.

नव्या गाडीत याला आणखी भर पडते. खुंट, काटे, ड्रमच्या खोबणी यांचे पृष्ठभाग एकमेकांना घासून गुळगुळीत झालेले नसतात. केबल सुरुवातीला ताणून किंचित लांबते, म्हणजे ढिली पडते. गिअर सुटू नयेत म्हणून अनेक गिअरबॉक्समध्ये खुंटांच्या बाजू किंचित आत कापलेल्या असतात. भार असताना ते आकड्यासारखे एकमेकांना धरून ठेवतात. शर्यतीत हा गुण, सिग्नलला दोष. शिवाय स्पोर्ट्‌स गाडीची गिअरची दांडी थोडक्यात हलते, त्यामुळे अर्धा दाब कुठे संपतो हे पायाला कळत नाही.

हे वर्गात दाखवता येते. स्पोर्ट्‌स गाडीला बहुधा मेन स्टँड नसतो, म्हणून शाळेच्या आवारातली साधी गाडी घ्यावी. सपाट जागी मेन स्टँडवर लावून इंजिन बंद करावे व किल्ली काढून शिक्षकांनी खिशात ठेवावी. चाक फिरवताना फक्त टायर धरावा. चेन आणि आऱ्यांजवळ बोटे नेऊ नयेत. प्रथम न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकून पाहा. पुष्कळदा तो पडत नाही, कारण खुंट खाचेसमोर आलेले नसतात. चाक थोडे फिरवले की 'खट्' असा आवाज येऊन तो पडतो. आता एकाने टायर जोर लावून पुढे दाबून धरावा आणि दुसऱ्याने हाताने दांडी हलवून गिअर काढायचा प्रयत्न करावा. दांडी घट्ट लागेल. टायरवरचा जोर सोडताच ती सहज हलेल. लंब बल कमी झाले की घर्षण कमी होते, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारा प्रयोग आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

दोष शोधण्याची रीतही यातूनच निघते. इंजिन चालू असताना न्यूट्रल अवघड आणि बंद करताच सोपे, तर दोष क्लचच्या ओढीत: आधी केबलची मोकळीक, मग तेल, मग मंद फिरण्याचा वेग तपासावा. दोन्ही वेळा अवघड, तर दांडी, ड्रम किंवा काटे पाहावेत. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच हवे, कारण मोटारसायकलमध्ये तेच तेल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना पुरवलेले असते. मोटारीसाठीचे घर्षण कमी करणारे तेल घातले तर चकत्या घसरू लागतील, हे दुखणे आणखी वेगळे.

कावासाकीने यावर एक सुरेख युक्ती केली आहे. बजाजमार्फत २००९ मध्ये भारतात आलेल्या निन्जा २५० आर या गाडीतही ती होती. दुसरा गिअर टाकण्यासाठी जे चक्र सरकावे लागते, त्यात पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. गाडी उभी असताना दंड थांबलेला असतो. एखादी गोळी स्वतःच्या वजनाने दंडाच्या खाचेत उतरते आणि चक्राला दुसऱ्याकडे सरकू देत नाही. पाय पहिल्यातून वर उचलला की गाडी न्यूट्रलमध्येच थांबते. गाडी धावू लागली की गोळ्या बाहेर फेकल्या जातात आणि वाट मोकळी होते. ना स्प्रिंग, ना वीज! हा गिअरबॉक्स उघडताना ते चक्र सुटे करण्यासाठी फिटरला ते गरगर फिरवावे लागते.

ज्यांच्या गाडीत ही सोय नाही त्यांनी गाडी पूर्ण थांबण्याआधी, ती रांगत असतानाच, दुसऱ्यातून हलका दाब द्यावा. त्या वेळी क्लचची ओढ आणि चाकाची गती यांत तोल साधला जाऊन खुंटांवरचा भार क्षणभर नाहीसा होतो. थांबल्यावर लक्षात आले, तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा किंवा गाडी इंचभर मागेपुढे ढकलावी. आणि हिरवा दिवा लागला तरी ब्रेक धरून क्लच सावकाशच सोडावा. तो दिवा ड्रमच्या जागेवरून लागतो. ड्रम काठावर असेल तर दिवा लागूनही गाडी गिअरमध्ये जाऊ शकते.

मित्राच्या मुलाच्या गाडीत इंजिन बंद करताच न्यूट्रल पहिल्या दाबात लागला. लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलीमीटर असावी ती मोकळीक बोटभर होती. केबल ओढून घेतली, पहिल्या सर्व्हिसिंगला तेल बदलले. क्लचप्लेटा अजून त्याच आहेत. रिक्षावाल्याच्या पोच्याचे पैसे मात्र द्यावे लागले.