गच्ची, कोबा आणि डांबराचा धूर

‘हरित’ म्हणून गौरवलेल्या इमारतीच्या गच्चीवर उघड्या उन्हात अंथरलेले काळे डांबरी मेंब्रेन दिसले की मला आजही राग येतो. गच्चीच्या गळतीवर मी या ना त्या निमित्ताने बरीच वर्षे लिहीत-बोलत आलो आहे आणि माझे म्हणणे फारसे बदललेले नाही. आपल्या पावसात आणि आपल्या उन्हात गच्ची राखतो तो उतार आणि कोबा. डांबरालाही जागा आहे, पण ती कोब्याखाली, सावलीत. आणि ते डांबर तापवणाऱ्या माणसाचा हिशेब मांडल्याशिवाय कुठल्याही छपराला पर्यावरणपूरक म्हणू नये. संपादकांनी आढावा मागितला आहे, तेव्हा जरा मागून सुरुवात करतो.

मागून म्हणजे थेट मोहेंजोदडोपासून. तिथल्या महास्नानगृहाच्या हौदाला पाणी झिरपू नये म्हणून नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्यांनी तो थर विटांच्या दोन भिंतींमध्ये कोंडला, ऊन लागू दिले नाही. माझा सगळा युक्तिवाद त्या एका भिंतीत आहे.

त्यानंतर आपल्याकडे हा कारभार माती-चुन्याचा राहिला. सोलापूर-पंढरपूरकडे आणि मराठवाड्यात माळवदाची घरे होती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या-काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस बेताचा, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी नवी माती टाकून चोपली की भागायचे. कोकणात उतरती कौले. सिमेंट-लोखंडाचा स्लॅब आला आणि धुवाधार पावसाच्या मुलखातही सपाट गच्च्या उभ्या राहिल्या, तिथून खरी पंचाईत सुरू झाली. ट्रॉम्बेला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि बिटुमेन मुंबईच्या दारात आले. डांबरी फेल्टसाठी भारतीय मानक संस्थेने आयएस १३२२ हे मानक काढले, ते घालण्याच्या पद्धतीसाठी आयएस १३४६. मग एपीपी आणि एसबीएस ही पॉलिमर मिसळलेली मेंब्रेन आली, गॅसच्या टॉर्चने चिकटवायची. ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन वगैरे लेपांची जंत्री इथे देत नाही; ती विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत भरपूर सापडते.

इथे एका घोळाचा निकाल लावला पाहिजे, कारण आरोग्याची निम्मी चर्चा त्यात अडकते. कोळशाचे डांबर निराळे आणि खनिज तेलाचे बिटुमेन निराळे. दिसायला दोन्ही काळी आणि चिकट, पिंपातही सारखीच. पहिले कोळसा हवाबंद भट्टीत भाजून कोक करताना निघते, दुसरे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरते. कोळशाच्या डांबराची कुंडली फार जुनी आहे. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे काजळीमुळे कर्करोग होतो, हे लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये नोंदवले. यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर महिनोन्महिने चोळून १९१५ मध्ये कर्करोग घडवून दाखवला. त्यातले मुख्य विष, बेंझो-ए-पायरीन, १९३० च्या दशकात लंडनमध्ये वेगळे काढले गेले. बिटुमेनमध्येही ही संयुगे असतात, पण कोळशाच्या डांबराच्या मानाने अत्यल्प. तेव्हा ‘डांबर म्हणजे कर्करोग’ असे सरसकट म्हणणारे जितके चुकतात, तितकेच ‘बिटुमेन अगदी निर्धोक’ म्हणणारेही.

कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये सगळा पुरावा तपासून जे वर्गीकरण केले, ते छपरांच्या बाबतीत अधिक कडक आहे. रस्त्यावरच्या बिटुमेनचा धूर ‘कदाचित कर्ककारक’ या गटात, तर छपरासाठीच्या ऑक्सिडाइज्ड बिटुमेनचा धूर ‘बहुधा कर्ककारक’ या वरच्या गटात. कोळशाच्या डांबराचे पिच तर ‘निश्चित कर्ककारक’. छपराचे बिटुमेन उन्हात ओघळू नये म्हणून त्यातून गरम हवा फुंकून ते घट्ट केलेले असते. ते वितळवायला आचही अधिक लागते. तापमान दहा-बारा अंशांनी वाढले की धूर जवळजवळ दुप्पट होतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. युरोपातल्या डांबर-कामगारांच्या मोठ्या पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाशी बिटुमेनच्या धुराचा ठाम संबंध दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण त्या पाहणीतले कामगार ज्या देशांत राबत होते, तिथे कढईला थर्मामीटर असतो.

आपल्याकडे काय असते ते मी गच्चीगच्चीवर पाहिले आहे. पिंप उभे चिरून केलेली कढई, तीन बाजूंनी विटा, खाली शटरिंगची मोडकी फळकुटे, लाकूड संपले की जुना टायर. कढईजवळ उभा असलेला माणूस रबरी चपलांत, तोंडाला रुमाल, हातात तारेची कडी लावलेला डबा. आच योग्य आहे की नाही हे मुकादम धुराच्या रंगावरून ओळखतो. धूर पिवळट-तपकिरी झाला की माल जळू लागला. तोवर डोळे चुरचुरत असतात, घसा धरलेला असतो, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई खिडक्या लावून घेतात. त्या खिडक्या लावतात, तो लावू शकत नाही. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९७७ मध्ये या धुरासाठी घनमीटरला ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, तीही पंधरा मिनिटांच्या मोजणीत. आपल्या गच्चीवर तो आकडा मोजायला कुणीही येत नाही. १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. गच्चीच्या कामावर माणसे असतात पाच-सहा. कायद्याच्या जाळीतून नेमकी हीच माणसे गळली.

जाता जाता, उपयोगाची एक गोष्ट. तापलेले डांबर अंगावर उडाले तर ते ओरबाडून काढू नये. कातडीही सोबत येते. ताबडतोब भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि दवाखाना गाठावा. डांबर सोडवण्याचे काम डॉक्टरांचे. आणि बंद टाकीत किंवा तळघरात द्रावकाचा प्रायमर लावताना वाफ कोंडते, तिने गुदमरायला होते आणि एका ठिणगीने भडकाही उडतो. तिथे पाण्यात कालवलेले इमल्शनच वापरावे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. चुन्याचा कोबा.

नोकरीच्या सुरुवातीला दादर-परळच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर असताना मला हा कोबा घालणारी शेवटची पिढी भेटली. भाजक्या विटांचे रोडे आधी रात्रभर भिजवायचे. कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि कोबा पोकळ होतो. चुना घाणीवर मळलेला, त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. थर पसरून झाला की ओळीने बसलेल्या बाया लाकडी थाप्यांनी तो चोपायला लागत. एक-दोन दिवसांचे ते काम नसे. चोपता चोपता वरून गुळाचे आणि बेलफळाचे किंवा हिरड्याचे पाणी शिंपडायचे. थापी आपटल्यावर रुतेनाशी झाली, टणकन उलट उसळू लागली की चोपणे पुरे. मिस्त्री वाकून त्या आवाजाकडे कान लावून बसे आणि एखाद्या कोपऱ्यात बद्द आवाज आला की तिथल्या बाईला परत बसवी. शंभराला एक असा उतार, कठड्याच्या पायाशी गोलसर वाटा, पन्हाळीच्या तोंडाशी उतार जरा जास्त. वरून पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांची फरशी, म्हणजे चायना मोझॅक. मग पाण्याची परीक्षा: पन्हाळी बोळ्यांनी बंद करून गच्ची पाण्याने भरून ठेवायची आणि खालच्या मजल्यावर छताखाली डोळे लावून बसायचे.

हे स्मरणरंजन आहे असे कुणी म्हणेल, तर त्यांनी आयएस ३०३६ उघडून पाहावे. छपरावरच्या चुन्याच्या काँक्रीटसाठी भारतीय मानक आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादच्या ‘संगथ’मध्ये कमानदार छपरांवर चिनी मातीचे पांढरे तुकडेच लावले, आणि गुजरातच्या उन्हाला दिलेले ते उत्तर जगाने वाखाणले.

चुन्याच्या बाजूने माझे दोन मुद्दे आहेत. चुनखडी भाजताना बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड चुना घट्ट होताना बराचसा हवेतून परत घेतो. भट्टीच्या इंधनाचा मात्र परत येत नाही. आणि चुना जरा लवचीक असतो. स्लॅब उन्हात फुगतो, रात्री आकसतो, ते तो सोसतो. बारीक भेगा स्वतःच भरून काढतो. सिमेंटचा कोबा एवढे सोसत नाही, आणि सिमेंटसाठी भाजलेल्या एक किलो क्लिंकरमागे आठ-नऊशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून आज ज्याला सर्रास कोबा म्हणतात, त्या सिमेंटच्या कोब्याची तरफदारी मी अर्ध्याच मनाने करतो.

माझ्या विरोधकांचा सगळ्यांत वजनदार मुद्दा वजनाचाच आहे. शंभर मिलिमीटर कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो, चार मिलिमीटरचे मेंब्रेन चार-साडेचार किलो. हे खरेच आहे. गंजलेल्या सळयांच्या जुन्या स्लॅबवर कोबा चढवू नये. आणि जुना न काढता त्यावर दुसरा, तिसरा कोबा घालणे हा तर गुन्हा आहे. पण नव्या इमारतीत हा भार आराखड्यातच धरता येतो. तो धरायचा नाही, आणि नंतर भार नको म्हणून काळे मेंब्रेन उघडे टाकायचे, याला मी अभियांत्रिकी मानत नाही.

‘बिटुमेन हा तेलशुद्धीकरणाचा उरलेला गाळ, तो वापरला तर बिघडले कुठे?’ असाही सवाल या मंडळींकडून येतो. कार्बन त्यात कोंडून राहतो, हे मान्य. पण उघड्या उन्हातल्या मेंब्रेनची कथा मी इतक्या गच्च्यांवर वाचली आहे की ती पाठ झाली आहे. ओलसर स्लॅबवर घाईने चिकटवले की वाफेचे फुगे येतात, अतिनील किरणांनी वरचा थर ठिसूळ होतो, सांध्याची कड उचलते आणि पाणी आत शिरून लांब कुठेतरी भलत्याच छतातून टपकते. दहा वर्षांची गॅरंटी देणारा ठेकेदार तोवर दिसेनासा झालेला असतो. उकललेले गुंडाळे शेवटी कचराभूमीत जातात. अमेरिकेत जुन्या डांबरी छपराचा माल रस्त्यांत तरी मिसळतात, आपल्याकडे ती व्यवस्था नाही.

उष्णतेचे गणित तर सरळ आहे. काळा पृष्ठभाग भर दुपारी हवेपेक्षा तीस-चाळीस अंशांनी अधिक तापू शकतो. वरच्या मजल्यावरचे लोक ती उष्णता रात्रभर भोगतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघाताविरुद्ध कृती आराखडा केला, तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रात विदर्भासारखा तापणारा मुलूख असताना आपण मागे राहावे, याचे मला वाईट वाटते.

पाण्याचा मुद्दा मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतो. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना २००२ पासून पर्जन्यजल-संकलन सक्तीचे झाले, म्हणजे गच्चीवरचे पाणी आता थेट जमिनीत मुरते. स्वित्झर्लंडमध्ये छपरांवरून वाहणाऱ्या पाण्यात मेकोप्रॉप हे तणनाशक सापडले. शेत जवळ नव्हते. छपरावरच्या बागेची मुळे शिरू नयेत म्हणून ते डांबरी मेंब्रेनमध्येच मिसळलेले होते. तिथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे उघड केले. बिटुमेनमधून स्वतःहून पाण्यात उतरणारे विष अगदी कमी असते, पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांनाही त्याचे अस्तर देतात. पण गच्चीवर बाग करायची आणि तिचे पाणी विहिरीत सोडायचे, तर मूळरोधक मेंब्रेनमध्ये काय मिसळले आहे हे पुरवठादाराला लेखी विचारलेच पाहिजे.

हरित प्रमाणपत्रांच्या तक्त्यांत घरातल्या रंगांच्या, गोंदांच्या वाफांना गुण असतात. राहणाऱ्याच्या नाकाची काळजी घेतली, हे चांगलेच झाले. गच्चीवर कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला त्या तक्त्यांत जागा नाही. आणि महाविद्यालयांतून चुना शिकवला जातो तो इतिहासाच्या प्रकरणापुरता. घाण्या बंद पडल्या, थापी धरणाऱ्या बायांच्या सुना आता दुसऱ्या कामांना लागल्या. आज चुन्याचा कोबा घालणारा मिस्त्री शोधायला वारसा-इमारतींची दुरुस्ती करणाऱ्यांकडे जावे लागते. ठाण्या-डोंबिवलीत तर नाद सोडून गच्चीवर सरळ पत्र्याची शेड मारतात.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा पाऊस नुकताच थांबलेला असेल आणि छतावरचे ओलीचे डाग ताजे असतील. गच्चीच्या कामाचा निर्णय घ्यायची हीच वेळ आहे. चुन्याला सुकायला, मुरायला थंडीचे दिवस लागतात. मे महिन्यात कोटेशने मागवली की घाईत डांबराची कढईच चढते. तेव्हा सोसायटीची सभा या महिन्यातच बोलवा. उतार तपासून घ्या. बिटुमेनशिवाय भागणार नसेल तर ते कोब्याखाली घ्या, कढई चढवावी लागली तर थर्मामीटर, हातमोजे, बूट आणि मुखपट्टी यांची रक्कम कोटेशनमध्ये वेगळी लिहून मागा, आणि ती द्या.