अळवावरचे पाणी आणि पुस्तकावरची बुरशी

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. आपल्या भागातल्या अशा ग्रंथालयांना एक वाचक असा लाभला आहे की जो वर्गणी भरीत नाही, पण दर पावसाळ्यात न चुकता हजर होतो. तो म्हणजे बुरशी! खाडी आणि उल्हास नदी यांच्या शेजारी वसलेल्या आपल्या गावांत हवेला ओलाव्याचा तोटा नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात तर नदीचे पाणीच घराघरांत शिरले होते. पुस्तकांच्या बांधणीवर, चामड्याच्या चपलांवर, भिंतींच्या कोपऱ्यांत हिरवट-पांढरा थर दिसू लागला की आपण तो फडक्याने पुसून मोकळे होतो.

परंतु या थरावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. पुष्कळदा तो थेंब पसरत नाही. अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन घरंगळतो. ओलीवर जगणारी ही वनस्पतीसदृश सृष्टी स्वतः मात्र कोरडी! हे कसे?

बुरशीचे शरीर म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे. हे तंतू ओलाव्यात राहून अन्न शोषतात. वंश वाढवायचा तर बीजाणू हवेत उधळायला हवेत आणि त्यासाठी तंतूला पाण्याबाहेर डोके काढायला हवे. येथेच अडचण येते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक प्रकारचा ताण असतो. वाटीतल्या पाण्यावर अलगद ठेवलेली सुई त्यामुळेच तरंगते. मिलिमीटरच्या काही सहस्रांश जाडीच्या तंतूला तो पृष्ठभाग म्हणजे भिंतच होय.

ही भिंत बुरशी कशी ओलांडते, याचा उलगडा नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात वेसेल्स व त्यांचे सहकारी यांनी केला. वाळक्या लाकडावर उगवणाऱ्या ‘शिझोफायलम कम्यून’ या बुरशीत त्यांना एक विशेष प्रथिन सापडले. १९९१ साली त्यांनी अशा प्रथिनांना ‘हायड्रोफोबिन’ हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना ‘जलभीरू प्रथिने’ म्हणू.

या प्रथिनाचा रेणू लहानसाच, सुमारे शंभर अमिनो आम्लांचा. त्यात सिस्टीन हे गंधकयुक्त आम्ल आठ ठिकाणी येते आणि त्यांच्या जोड्या जुळून गंधकाच्या चार गाठी बसतात. रेणूची एक बाजू पाण्याशी सख्य राखणारी, तर दुसरी पाण्याला बिचकणारी. तंतूने बाहेर सोडलेले हे रेणू पाणी आणि हवा यांच्या सीमेवर पोचले, की बिचकणारी बाजू हवेकडे करून उभे राहतात, आपला आकार बदलतात आणि शेजाऱ्याला घट्ट बिलगतात. पाहता पाहता मिलिमीटरच्या एक लक्षांश जाडीचा पापुद्रा तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात चटईच्या काड्यांसारख्या कांड्या दिसतात. विणकर नाही, माग नाही. तरी वस्त्र तयार! पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २४ एककांवर, म्हणजे एक तृतीयांशावर येतो आणि तंतू सहज बाहेर पडतो. तेच वस्त्र त्याच्या अंगावर चढते, कोरडी बाजू बाहेर. ते इतके चिवट की साबणासारख्या द्रावणात उकळले तरी विरघळत नाही.

मग हे रेणू वाटेतच, पाण्यात असतानाच, का गुंफले जात नाहीत? त्याचे उत्तर त्या चार गाठींत आहे. शास्त्रज्ञांनी त्या सोडवून पाहिल्या, तेव्हा रेणू पाण्यातच एकमेकांना बिलगू लागले. योग्य स्थळ येईपर्यंत धीर धरायला लावणे हे गाठींचे काम!

या वस्त्राचा आपल्या आरोग्याशीही निकटचा संबंध आहे. ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ या बुरशीचे बीजाणू आपण श्वासावाटे रोजच आत घेतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले, की या प्रथिनाच्या आवरणामुळे शरीराच्या रक्षक पेशींना बीजाणूची ओळखच पटत नाही. आवरण काढताच त्या पेशी खडबडून जाग्या होतात. एका परीने हे बरेच; नाही तर प्रत्येक श्वासागणिक छातीत रणकंदन माजले असते. बीजाणू रुजू लागला की आवरण गळते आणि निरोगी शरीर त्याचा समाचार घेते. पण ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांना हा पाहुणा जीवघेणा ठरू शकतो. दमेकऱ्यांनाही त्याचा त्रास होतो.

तेव्हा वाचकहो, बुरशी आलेले पुस्तक खोलीत पंख्याखाली झटकू नका. कोरडे बीजाणू हवेत उडण्यासाठीच घडलेले आहेत. नाकाला फडके बांधून पुस्तक बाहेर न्यावे, मोकळ्या हवेत वाळवावे, मग मऊ ब्रशने हलकेच साफ करावे. भिंतीला मात्र नुसते पाणी पुरत नाही, साबणाचे पाणी हवे. प्रयोगशाळेतही बीजाणू पाण्यात मिसळण्यासाठी साबणासारखे द्रव्य घालावेच लागते. आणि भिंतीतली ओल जोवर हटत नाही, तोवर हा फुकटा वाचक पुन्हा येणारच. म्हणून पावसाळ्यापूर्वी ग्रंथालयाची गळती काढणे हे पुस्तकांवरचे सर्वांत मोठे उपकार होत.